मासळीचा अर्क, हळीव आणि मूग: रोपांवरची चाचणी कशी मांडावी

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात फिश अमिनोचं कौतुक करणारं कुणीतरी भेटतंच. मासळीचं टाकाऊ आणि गूळ सारख्या वजनाने घ्यायचा, तीन-चार आठवडे आंबवायचं, लिटरभर पाण्यात एक-दोन मिली घालून फवारायचं, की मिरची तरारते. मी पुण्यात पदवीच्या मुलांची वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. प्रकल्पाचे विषय ठरायला लागले की एखादा गट हमखास विचारतो, "मॅडम, प्राण्यांपासून काढलेल्या अर्काचा रोपाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे बघू का?" बघा की. विषय छान आहे, खर्च कमी आहे आणि आठवड्याभरात डोळ्यांना काहीतरी दिसतं. पण बहुतेकांच्या डोक्यात दोनच ताटल्या असतात, एकीत पाणी आणि दुसरीत अर्क. त्यातून अर्काने काहीतरी झालं एवढंच कळतं. ते मासळीने झालं, गुळाने झालं, मिठाने झालं की बरणीत वाढलेल्या जिवाणूंनी, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून इथे अर्क काढण्यापेक्षा त्याच्या शेजारी ठेवायच्या ताटल्यांबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

प्राण्यांपासून मिळणारं काही झाडाला घालावं, ही कल्पना आपल्याकडे जुनी. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या जुन्या संस्कृत ग्रंथात कुणपजल सांगितलंय, मांस, चरबी, मज्जा शिजवून मुरवलेलं खतपाणी. पण मुलांचे डोळे खरे चमकतात ते संप्रेरकांच्या शोधाची हकीकत ऐकून. फ्रिट्झ वेंट यांनी १९२८ साली ओटच्या कोंबावर प्रयोग करून दाखवलं की शेंड्यात वाढ घडवणारं काहीतरी रसायन आहे. ते शुद्ध रूपात मिळवायला शेंड्यांमधला साठा फारच अपुरा. मग कोगल, हागेन-स्मिट आणि एर्क्सलेबेन यांनी ते शोधलं माणसाच्या मूत्रात, आणि १९३४ मध्ये त्यातून इंडोल ॲसेटिक ॲसिड, म्हणजे वनस्पतींचं मुख्य ऑक्सिन (वाढ घडवणारं संप्रेरक), वेगळं काढलं. पुढे १९५५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मिलर आणि स्कूग यांच्या गटाला तंबाखूच्या पेशींचं विभाजन घडवणारं कायनेटिन सापडलं. तेही कशात, तर हेरिंग माशाच्या शुक्राणूंमधल्या डीएनएमध्ये. त्यातली खुबी अशी की ताजा डीएनए काही करत नव्हता. जुना झालेला किंवा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, तापवलेला डीएनए काम करत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, अर्क उकळायची वेळ आली की ती कामाला येणार आहे.

मासा कुठला घ्यायचा

प्रयोगासाठी कुठलाही जीव मारायचा नाही. गांडुळं चिरडून अर्क काढायची कल्पनाही माझ्याकडे आली होती. ती मी चालू दिली नाही. गांडुळांचं काही तपासायचं असेल तर व्हर्मीवॉश, म्हणजे गांडूळखतातून झिरपवलेलं पाणी, घ्या. मासळीचं म्हणाल, तर बाजारात साफ करताना निघणारी डोकी, कल्ले, शेपट्या पुरतात. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात सकाळी गेलात आणि मावशींना सांगितलंत की कॉलेजच्या प्रयोगाला हवंय, तर पिशवी भरून टाकाऊ मिळतं.

बी रुजवायला पुण्यातले सगळ्यात सोयीचे महिने जुलै-ऑगस्ट. खोलीचं तापमान पंचविसाच्या आसपास फारसं न हलता राहतं, आणि मुगाला तेच मानवतं. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरची खोली भट्टी होते. डिसेंबरात रात्री पारा दहा-बारावर उतरतो आणि मोड रेंगाळतात. अडचण एवढीच की जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, त्यामुळे बांगडा-तारली ताजी मिळत नाही आणि मिळालीच तर बर्फातली, महाग. म्हणून उजनीची चिलापी घ्या, किंवा रोहू-कटला. गोड्या पाण्यातल्या माशात समुद्राच्या पाण्याचा खारटपणा आलेला नसतो. हा प्रयोगाच्या दृष्टीने फायदाच आहे.

अर्क दोन तऱ्हांनी काढता येतो. आंबवलेला हवा तर वर सांगितलेली गुळाची कृती करा. बरणी तीन चतुर्थांशच भरा आणि झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. सोसायटीत राहत असाल तर फडकं बांधून गच्चीवरच्या सावलीत ठेवा. आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

मुलांना मी ताजा अर्क सुचवते, कारण त्यात काय आहे याचा हिशेब सोपा राहतो. दहा ग्रॅम टाकाऊ खलबत्त्यात वाटा. स्वयंपाकघरातला मिक्सर नको. त्यात थोडं थोडं डिस्टिल्ड वॉटर घालत एकूण १०० मिली करा. मलमलीच्या फडक्यातून गाळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढुरका पापुद्रा धरलेला असतो, तो चमच्याने उचलून टाका. हे चुकवू नका, नाहीतर तेलाचा तवंग कागदावर पसरून बियांपर्यंत हवा पोचू देत नाही. मग फिल्टर पेपरमधून गाळा. हा झाला मूळ अर्क. त्यातला १० मिली घेऊन ९० मिली पाण्यात मिसळला की दहापट पातळ झाला, त्यातला १० मिली पुन्हा ९० मिलीत घातला की शंभरपट. असं हजारपटीपर्यंत जा. पायऱ्या गाळू नका. एकच द्रव्य पातळ असताना वाढीला हात देतं आणि दाट असताना मूळ जाळतं, हे या प्रकारात नेहमी दिसतं. एकाच मात्रेवर प्रयोग केला तर त्या रेषेचा एकच ठिपका हाती येतो.

बी आणि ताटल्या

मी दोन बिया वापरते. हळीव बारीक, पोटात साठा कमी, त्यामुळे विषारी गोष्टीला चटकन प्रतिसाद देतो. कंपोस्ट पिकलंय की कच्चं आहे, हे तपासायला जगभर याच हळिवाची चाचणी वापरतात. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात तोच, वाण्याकडे मिळतो. मूग मोठा, धीराचा, मोजायला सोपा. बियाण्याच्या दुकानातला मूग घेणार असाल तर आधी नीट पाहा, त्यावर गुलाबी-लाल बुरशीनाशकाचा थर असतो. तसलं बी इथे चालणार नाही. वाण्याकडचा मूग चालतो, पण तो जुना असू शकतो. साध्या पाण्यात आधी रुजवून बघा आणि शंभरातले नव्वद तरी उगवले तरच घ्या.

मूग आधी निर्जंतुक करायचा. बाजारात साधारण ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग घेतले की १ टक्का होतं. त्यात पाच मिनिटं मूग ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटरने वास जाईपर्यंत धुवा. हळिवाला हे करू नका. पाणी लागताच त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि तो धुता येत नाही. हळीव कोरडाच, ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेक उचलून कागदावर ठेवायचा. एकदा टेकला की तिथेच चिकटतो, म्हणून जागा आधी ठरवा.

नऊ सेंटिमीटरच्या पेट्री डिश, तळाला दोन फिल्टर पेपर, वर ५ मिली द्रावण. हळिवाच्या वीस बिया किंवा मुगाच्या दहा. प्रत्येक द्रावणाच्या किमान चार डिश. बाष्पीभवनाने कागद सुकायला लागला तर वरून साधं डिस्टिल्ड वॉटरच घाला, सगळ्या डिशमध्ये सारखं. उडून गेलंय ते फक्त पाणी, क्षार तिथेच आहेत; पुन्हा अर्क घातलात तर मात्रा वाढत जाईल. डिश कुठे ठेवायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि रोज जागा बदला. खिडकीजवळच्या सगळ्या पाण्याच्या आणि कपाटाजवळच्या सगळ्या अर्काच्या, अशी मांडणी झाली की तुम्ही अर्क मोजत नाही, खिडकी मोजता. उजेडाचंही तसंच. अंधारात रोप लांब, पिवळं, लुसलुशीत वाढतं आणि मुलं वहीत लिहितात, "उंची वाढली." एकतर सगळ्या डिश अंधारात ठेवा, नाहीतर सगळ्या एकाच उजेडात.

शेजारच्या ताटल्या

साध्या पाण्याची डिश तर हवीच. तिच्याखेरीज आणखी चार सोबती मी मागते.

पहिला मिठाचा. आरओवाल्याकडे असतो तसला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस पेन घ्या, प्रत्येक द्रावणात बुडवा आणि आकडा लिहून ठेवा. मग साधं मीठ पाण्यात घालत घालत तोच आकडा गाठा. क्षार जास्त असले की बीला पाणी ओढून घेणं जड जातं. तेव्हा दाट अर्कात आणि तेवढ्याच खारट पाण्यात मूळ सारखंच आखडलं, तर मासळीला दोष द्यायचं कारण उरत नाही. मात्र हा पेन फक्त क्षारांचं वाचतो. युरिया त्याला दिसत नाही, म्हणून गोमूत्रावर प्रयोग करणाऱ्यांनी नुसत्या पेनवर भिस्त ठेवू नये. शिळ्या गोमूत्रात युरियाचा अमोनिया होतो आणि कोवळं मूळ त्याला फार हळवं असतं.

दुसरा गुळाचा, आंबवलेल्या अर्कासाठी. मासळी न घालता नुसता तेवढाच गूळ आणि मासळीच्या वजनाइतकं पाणी, तशाच बरणीत, तितकेच दिवस ठेवायचं. फिश अमिनोच्या नावावर जमा होणारं पुण्य कधीकधी गुळाचंच असतं. हा सोबती नसलेला प्रकल्प मी परत पाठवते.

तिसरा आम्लाचा. पीएच पट्टीने अर्क तपासा. आंबवलेला अर्क बराच आंबट निघाला, तर प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पाणी त्याच पीएचवर आणून एक डिश लावा. घरी हे करू नका, तिथे फक्त पीएच नोंदवा आणि निष्कर्ष जपून लिहा.

चौथा उकळलेला अर्क. पंधरा मिनिटं उकळा, गार करा, आटलेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढा. परिणाम जसाच्या तसा राहिला तर तो उष्णतेला न जुमानणाऱ्या कशाचा तरी आहे, बहुधा क्षारांचा किंवा अमिनो आम्लांचा. परिणाम गेला तर विकर, प्रथिनं किंवा जिवंत जिवाणू यांच्याकडे बघा. काही जिवाणू स्वतःच ऑक्सिन बनवतात. आणि उकळल्यावर परिणाम वाढला तर? तेव्हा हेरिंगच्या डीएनएची गोष्ट आठवा. उष्णता जुनं मोडते तसं नवं घडवूही शकते, म्हणून उकळलेल्या अर्काला 'निष्क्रिय' असं लेबल लावू नका.

"एवढ्या डिश कशाला?" असं मुलं विचारतात तेव्हा मी मात्रा कमी करायला सांगते, सोबती कमी करायला नाही.

आणखी एक गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. डिशवर 'पाणी', 'अर्क' असं लिहूच नका. गटातल्या एकाने क, ख, ग अशी अक्षरं द्यावीत आणि यादी पाकिटात बंद करावी. मोजणाऱ्याला ती ठाऊक नसावी. मूळ वाकडं असतं, टोक कुठे संपतं यावर वाद असतो, आणि आपल्या आवडत्या अर्काला मिलिमीटरभर जास्त द्यायचा मोह हाताला नकळत होतो. पाकीट उघडायचं ते सगळे आकडे वहीत उतरल्यावर.

मोजताना

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी धावत येतं, "मॅडम, बुरशी आली!" डिश फेकण्याआधी भिंगातून बघा. मुळाच्या टोकामागे थोडी जागा मोकळी असते आणि तिच्यामागे चहूबाजूंनी पांढरी, आखूड, एकसारखी मखमल दिसते. ती मुळाची केसं आहेत, निरोगीपणाची खूण. पाण्याचा बारीक फवारा मारला की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी अशी शिस्तीत नसते. तिचे तंतू एका बियावरून दुसऱ्या बियावर कोळ्याच्या जाळ्यासारखे जातात, बीच्या सालीवर चढतात, आणि फवाऱ्यानेही तसेच राहतात. दाट अर्काच्या डिशमध्ये खरी बुरशी आणि दुर्गंधी येतेच. तीसुद्धा निरीक्षण म्हणून लिहा.

हळीव तिसऱ्या दिवशी मोजा, मूग पाचव्या. रोप काळ्या कागदावर अलगद आडवं करा. मूळ वळलेलं असेल तर शिवणाचा ओला दोरा त्याच्या वळणावर बसवा, तिथेच कापा, आणि दोरा सरळ करून पट्टीवर धरा. लांबीबरोबर मुळाचं रूपही लिहा: टोक तपकिरी पडलंय का, जाड-आखूड झालंय का, उपमुळं फुटलीत का. टोक तपकिरी आणि मूळ मलूल असेल तर ते विषाचं लक्षण. पण मूळ आखूड, जाड, पांढरंशुभ्र आणि उपमुळांनी भरलेलं असेल तर थांबून विचार करा. ऑक्सिनच्या ज्या मात्रेने खोड वाढतं त्याच मात्रेने मुळाची लांबी खुंटते. फक्त लांबी मोजणारा इथे 'अर्क हानिकारक' असं लिहून मोकळा होतो.

हिशेबासाठी रुजण्याचा निर्देशांक काढा. समजा, पाण्याच्या डिशमध्ये विसातले १८ हळीव रुजले आणि मुळाची सरासरी ४० मिमी आली; अर्काच्या डिशमध्ये १६ रुजले आणि सरासरी ३० मिमी. १६ गुणिले ३० म्हणजे ४८०. १८ गुणिले ४० म्हणजे ७२०. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणलं की साधारण ६७ टक्के. कंपोस्टच्या चाचणीत ५०च्या खाली असेल तर विषारीपणा जास्त आणि ८०च्या वर असेल तर धोका नाही, असं धरतात. ६७ मधल्या पट्ट्यात येतं.

एक सावधगिरी बाळगा. चार डिशमध्ये मिळून ऐंशी बिया असल्या तरी तुमच्याकडे ऐंशी निरीक्षणं नाहीत, चार आहेत. एका डिशमधल्या सगळ्या बिया एकच पाणी, एकच कागद, एकच बुरशी वाटून घेतात. म्हणून प्रत्येक डिशची सरासरी काढा आणि ते चार ठिपके ग्राफ पेपरवर मांडा. अर्काचे चार आणि पाण्याचे चार ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसले तर फरक नाही असं लिहा, सरासरी काहीही म्हणो. ॲनोव्हा (गटांच्या सरासरींमधला फरक तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) येत असेल तर त्यानंतर करा.

या सगळ्यातून खताचं उत्तर मात्र मिळत नाही, हे प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहावं असं मला वाटतं. पहिला आठवडा मूग स्वतःच्या डाळीवर जगतो. बाहेरून नत्र मिळालं काय, न मिळालं काय, त्याला फारसं पडलेलं नसतं. डिशमध्ये दिसतं ते संप्रेरकासारखं काम, विषारीपणा, खारटपणा. पोषण बघायचं असेल तर धुतलेल्या वाळूत रोपं तीन आठवडे वाढवा, शेजारी तेवढंच नत्र देणारं युरियाचं पाणी ठेवा, आणि शेवटी उंचीऐवजी ओव्हनमध्ये सुकवून कोरडं वजन घ्या.

काम संपलं की डिश हायपोक्लोराइटमध्ये बुडवून धुवा. मूग दिसायला उसळीसारखा असला तरी तो खायचा नाही. उरलेला अर्क बेसिनमध्ये ओतू नका, पातळ करून कंपोस्टच्या पिंपात घाला. हातमोजे सुरुवातीपासून घातलेले असू द्या.

अर्कात ऑक्सिनसारखं काही आहे असा संशय आला, तर मुगाचीच दुसरी चाचणी आहे. आठ-दहा दिवसांची, उजेडात वाढलेली मुगाची रोपं मुळाच्या वर कापा आणि ती कलमं पातळ अर्काच्या छोट्या बाटल्यांत उभी करा. सोबत पाणी आणि मिठाचं पाणी ठेवा, आणि प्रयोगशाळेत असाल तर इंडोल ब्युटिरिक ॲसिडचं (हेही एक ऑक्सिनच) अगदी पातळ द्रावणही. एक दिवसाने सगळी कलमं साध्या पाण्यात हलवा आणि आठवड्याभराने दांड्यावर फुटलेली मुळं मोजा. सायटोकायनिनचा, म्हणजे कायनेटिनसारख्या संप्रेरकाचा, संशय असेल तर गव्हाच्या पानाचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे अर्कावर तरंगवा आणि अंधारात ठेवा. पाण्यावरचे तुकडे काही दिवसांत पिवळे पडतात. अर्कावरचे हिरवे राहिले, तर उकळलेल्या अर्कावर तीच चाचणी पुन्हा लावा.